पस्तीस फुल्या

४ मार्च

प्रिय भिंगरी,

पाकीट फाडू नकोस. फाडायचंच असेल तर पत्र फाड, आतले मोठे कागद नको. ते धुवायला मी बाथरूममध्ये चार तास उकिडवा बसलो होतो. तुझ्या वहिनीची बोलणी खाल्ली ती वेगळीच. घरात एकच बाथरूम आणि त्याच्या दारावर 'डार्करूम, आत येऊ नये' अशी पाटी, म्हणजे बाई किती सहन करणार?

अकरा वर्षांत मी तुला नऊ पत्रं लिहिली. नऊच्या नऊ परत आली. हे तू उघडलंस, कारण पत्ता वहिनीच्या हातचा आहे. तुमचं दोघींचं दर रविवारी फोनवर चालतं, हे मला ठाऊक आहे. मी आंघोळीला गेलो की घरात एकदम कुजबुज सुरू होते. माणसाने किती वेळ आंघोळ करावी! पण करतो बापडा, तुमचं बोलणं होऊ दे म्हणून.

तर कामाचं बोलतो. आपल्या थिएटरने मला प्रदर्शन दिलंय. दर्शनी दालन, चोवीस फोटो, विषय बॅले. जाहिरातीचे नाहीत, कार्यक्रमपत्रिकेचे नाहीत. भिंतीवर एकेक लावायचा आणि माणसांनी समोर उभं राहून बघायचा, असे. पंधरा एप्रिलला, शनिवारी संध्याकाळी उद्घाटन. त्याच संध्याकाळी आत नव्या बॅलेचा पहिला प्रयोग. मी गेली अकरा वर्षं काय करतोय ते वहिनीने सांगितलंच असेल: नळ. आंघोळीचे नळ, बेसिनचे नळ, एका वर्षी नुसत्या नळाच्या चाव्या. कॅटलॉगवाले खूश असतात, नळ हलत नाही, वळत नाही, रुसूनही बसत नाही. पण भिंगरे, नळाचा फोटो काढून कोणाचा ऊर भरून आलाय का?

म्हणून पुन्हा तालीमघरात जाऊन उभा राहिलो. त्याच खांबाला टेकून. पियानोवाल्या काकू अजून आहेत, अजून चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. मास्तरही आहेत. केस गेले, आवाज गेला नाही.

आता अडचण सांगतो. मला निवडता येत नाहीत. मला जे सुंदर वाटतं ते या मुलींना दाखवलं की त्या तोंडावर हात धरून पळतात. परवा एक तर "काका, प्लीज, हा फाडा" म्हणून रडायला आली. म्हणून एका रोलचे छत्तीसच्या छत्तीस फोटो एकेका कागदावर बारीक छापून पाठवतोय, असे चार कागद आहेत. जो नको त्यावर फुली मार. बाकी काही लिहू नकोस, बोलू नकोस, माझ्यावरचा राग तसाच ठेव. फक्त फुल्या.

तुझा तो फोटो यात नाही. तू म्हटल्याशिवाय कधी नसेल. एका वाकड्या पावलासाठी माणसाने अकरा वर्षं धरून बसावं का, हे मी विचारणार नव्हतो, पण विचारून झालं. तुझी भूमिका मास्तरांच्या लहरीपायी गेली, माझ्या फोटोपायी नव्हे, हे मी अजून म्हणतो.

तुझा,
दादा


१३ मार्च

प्रिय भिंगरी,

पाकीट आलं! मी इतक्या घाईने उघडलं की वहिनी म्हणाली, "अहो, सावकाश, प्रेमपत्र नाही ते."

नव्हतंच. पहिल्या कागदावर छत्तीस फोटो आणि पस्तीस फुल्या. लाल. आणि कशा मारल्यात गं! दोन फोटोंत तर कागद फाटलाय. बाकीच्या तीन कागदांवर मिळून सात फोटो जिवंत राहिले. वहिनी इतकी हसली की तिला उचकी लागली. मला वाटलं मला राग येईल. आला नाही. अकरा वर्षांनी तू माझ्यावर ओरडलीस, मला बरं वाटलं.

मग मी भिंग घेऊन बसलो. पस्तिसातला कुठला फोटो का मेला, ते शोधायला. पहिला तास काही कळलं नाही. प्रकाश सुरेख, चेहरे सुरेख, मागच्या खिडकीची चौकट काय पडलीये! दुसऱ्या तासाला लक्षात आलं की तू चेहरे बघितलेलेच नाहीस. तू खालून वर बघतेस. आधी पाऊल, मग गुडघा, मग कंबर, आणि चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत फुली मारून मोकळी.

दुसऱ्या दिवशी तालमीत मीही खालून बघायला लागलो. मास्तर ओरडत होते, "विळा! विळा झालाय तुझ्या पावलाचा!" हा शब्द मी तुझ्या नवव्या वर्षापासून ऐकतोय, भिंगरे. मी तुला वर्गाला सोडायचो, न्यायचो, कोपऱ्यात बसून तुझे फोटो काढायचो, आणि विळा म्हणजे काय हे एकदाही नीट बघितलं नाही. पाय हवेत ताणला की बोटं गुडघ्याच्या सरळ रेषेत हवीत. घोटा आत वळला की पाऊल विळ्यासारखं वाकतं आणि सगळी रेघ मोडते. एवढंच. एवढं बघायला मला एकोणपन्नास वर्षं लागली.

आता मला दुसरं काही दिसतच नाही. पोस्टमन चालत येतो तर त्याची पावलं. वहिनीचा भाऊ आला होता, त्याला म्हटलं, "तुमचा डावा पाय आत पडतो." तो जेवताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वहिनी म्हणते, या घराण्याला अबोल्याचं वेडच आहे.

आणखी पाच कागद पाठवतोय. फुल्या जरा हळू मार.

दादा

ता. क. हवेतली उडी डोळ्यांना दिसली की बटण दाबायला उशीर झालेला असतो. म्हणून मी आता काकूंचा पियानो ऐकून दाबतो. तीन मोजायचं आणि साडेतीनला दाबायचं. हे माझं मी शोधलं, यावर फुली चालणार नाही.


२२ मार्च

प्रिय भिंगरी,

'बरा.'

तिसरा कागद, अठरा नंबरचा फोटो, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने. बरा! मी आधी समजलो डाग आहे. मग भिंग लावलं. मग वहिनीला हाक मारली. तिने भिंग लावलं. ती म्हणाली, "अक्षर तिचंच आहे." आम्ही दोघं त्या दिवशी बाहेर जेवलो.

पाच कागदांवर मिळून एकेचाळीस फोटो वाचले, म्हणजे मी सुधारतोय. तू काय करते आहेस ते मला कळत नाही असं समजू नकोस. मागे चेहऱ्यांवरून फुली जायची, या वेळी ती फक्त पावलावर आहे. जिथे पाऊल ठीक, तिथे कोपरावर बारीकसा बाण. तू मला शिकवते आहेस. तुझ्याकडे येणाऱ्या पोरांना असंच शिकवतेस का? वहिनी म्हणते पोरं तुला टरकून असतात आणि सुट्टीतही घरी येऊन बसतात. लहानपणी तू बाहुल्यांनाही रांगेत उभं करायचीस आणि एकीला कायम शिक्षा असायची.

अठरा नंबरची मुलगी कोण ते सांगतो. तिला सगळे लवंगी म्हणतात. एकोणीस वर्षांची, एवढीशी, आणि तोंड असं तिखट की मास्तरसुद्धा बोलताना आधी विचार करतात. नव्या बॅलेत मुख्य काम तिचं. मला म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या पोटाने माझा प्रकाश अडवताय." मी खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. ती सतत हसते. मधल्या सुट्टीत बिस्किटं खाते, दुसऱ्यांचीही खाते. तिला बघून मला कोण आठवतं ते लिहीत नाही, तू म्हणशील लाडीगोडी लावतोय.

तिचेच फोटो जास्त आहेत. चोवीसपैकी नऊ तिचे असतील. आणखी चार रोल धुतले की पाठवतो. प्रदर्शनाआधी कंपनीचा नियम आहे, माहीतच आहे तुला: सगळे कागद मास्तरांच्या टेबलावर जातात आणि ते एकेक फोटो पास करतात. शुक्रवार, एकतीस तारीख.

तुझा बरा,
दादा


२८ मार्च, मंगळवार

भिंगरी,

हे पत्र पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो तुझ्या दारात आणून देईल आणि उत्तर घेऊनच परत निघेल. त्याला चहा दे.

सोबत तीन कागद आहेत. तीन आठवड्यांतले, लवंगीचे. मी गोल केलेत ते बघ. पहिल्या आठवड्यात तिचं उजवं पाऊल सुरीसारखं सरळ. दुसऱ्या आठवड्यात किंचित आत. काल विळा. तोही दर उडीत नाही, डाव्या कोपऱ्याकडे उडते तेव्हाच. मग मी तालमीत भिंगाशिवाय बघितलं. ती सुट्टीत बसताना उजवा पाय बाकाखाली लपवते. जिना उतरताना कठडा धरते. आणि गेले आठ दिवस ती आधीपेक्षा जास्त हसतेय. विळा झालेल्या फोटोंत तिचा चेहरा असा उजळलाय की बघणाऱ्याने हातातलं काम विसरावं.

असा चेहरा मी आधी एकदाच बघितलाय.

काल मी कपाट उघडून तुझा तो फोटो काढला. अकरा वर्षांनी. बक्षीस देताना परीक्षकांनी काय म्हटलं होतं ते पाठ आहे मला, 'नर्तनाचा निखळ आनंद'. मीही तसंच समजत होतो. या वेळी मी खालून बघायला सुरुवात केली. आधी पाऊल. मग गुडघा. चेहऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा मला दिसलं की तू दात आवळले आहेस.

तुझा घोटा दुखत होता. किती दिवस? तू कोणाला सांगितलं नव्हतंस, कारण मोठं काम पहिल्यांदा मिळालं होतं. आणि मी तुझं गुपित चार हात उंच करून थिएटरच्या दारात टांगलं. मास्तर दोन मिनिटं त्या फोटोसमोर उभे होते, मला आठवतंय. मी बाजूला उभा होतो, छाती फुगवून! मला वाटलं त्यांना आवडला. चार दिवसांनी तुझं काम दुसरीला गेलं. तू मला एवढंच विचारलंस, "तुला दिसलं नाही?" मी म्हटलं, "काय दिसायचं? इतका सुंदर फोटो आहे." मग तू बॅग भरलीस.

लहर मास्तरांची नव्हती. फोटोचीच करणी होती. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरलो की माझी बहीण एका वाकड्या पावलासाठी रुसली.

माफी मागतो, पण ती या पत्रात भागणारी नाही, आणि आत्ता घाई आहे. शुक्रवारी कागद मास्तरांसमोर जाणार. त्यांना एका नजरेत दिसेल. गोल केलेले फोटो काढून टाकले तर लवंगी पंधरा तारखेला नाचेल आणि पाय मोडून घेईल. ठेवले तर तिचं काम जाईल, आणि पुन्हा माझ्या हाताने. मला काही सुचत नाही. मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं. या वेळी विचारतोय. काय करू?

दादा


४ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुझी चिठ्ठी खिशात घेऊन फिरतोय. 'आधी तिला दाखव. एकटीला. मग तोंड बंद ठेव आणि ती काय म्हणते ते ऐक.' अकरा वर्षांत तुझी पहिली तीन वाक्यं, आणि तिन्ही हुकूम. वाचून आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाईंनी चहाबरोबर मला नीट उभं कसं राहायचं तेही सांगितलं."

तसंच केलं. गुरुवारी तालीम संपल्यावर लवंगीला म्हटलं, जरा कपाटाच्या खोलीत ये. कागद दिले, भिंग दिलं, आणि तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं किती अवघड असतं! नळासमोर जमतं, माणसासमोर नाही. तिने पहिला कागद बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्यावर हसू गेलं.

"काका, कोणाकोणाला दाखवलंत?"

"माझ्या बहिणीला. आणखी कोणाला नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"तुला आधी दाखव म्हणाली."

तिने भिंग खाली ठेवलं. मग तिथल्या जुन्या पोशाखांच्या ढिगावर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. माझ्या पिशवीत बिस्किटांचा पुडा होता, तो दिला. रडत रडत अख्खा संपवला. शेवटी नाक पुसून म्हणाली, "दुखतंय हो खूप. दहा दिवस झाले. कोणी विचारेल असं वाटत होतं, आणि कोणी विचारू नये असंही वाटत होतं."

मग ती स्वतः उठून मास्तरांकडे गेली. मी बाहेर उभा. आधी मास्तरांचा आवाज, त्याने काकूंचा पियानो थांबला. मग लवंगीचा आवाज, तोही काही कमी नाही. दार उघडलं तेव्हा मास्तर तिला दंडाला धरून बाहेर आणत होते आणि मला म्हणाले, "बघत काय उभे राहिलात? गाडी बोलवा! डॉक्टर सहाला बंद करतो!"

हाड शाबूत आहे. शिरा ताणल्यात. सहा आठवडे विश्रांती. पंधरा तारखेचा प्रयोग दुसरी मुलगी करेल, पण बॅले जूनअखेरपर्यंत चालणार आहे आणि शेवटचे दोन आठवडे लवंगीचे, हे मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या बहिणीने मला आपणहून सांगितलं असतं ना, तर मी तिचंही काम राखून ठेवलं असतं. मला ते फोटोत बघून कळलं, आणि मी रागावलो. चुकलं माझं." ते असं म्हणाले, भिंगरे. त्यांच्या डोक्यावर केस असते तर त्यांनी उपटले असते.

आता माझी माफी. मी तुझ्या नवव्या वर्षापासून तुझे फोटो काढले आणि तुझं काम एकदाही बघितलं नाही. चेहरा बघितला, कारण तो माझ्या बहिणीचा होता आणि मला आवडायचा. तू हवेत काय करत होतीस, कशासाठी रोज सहा तास घाम गाळत होतीस, ते तुझ्या सख्ख्या भावाला दिसलं नाही. मी चुकलो. 'पण' लावून नाही, नुसतंच चुकलो.

चोविसावा फोटो सापडला. लवंगी तालीमघराच्या पायरीवर, उजवा पाय बर्फाच्या बादलीत, आणि तिचं हसणं या वेळी खरंखुरं, कारण मास्तर बादलीत आणखी बर्फ ओतताना स्वतःच्या बुटात ओतताहेत. मास्तर म्हणाले, "यात नाच कुठाय?" तरी पास केला.

पंधराला ये. तिकीट वहिनीने पाठवलंय, माझं मानू नकोस. आलीस तर दोन शब्द बोल. नाही बोललीस तरी चालेल, नुसती ये.

दादा


१५ एप्रिल, दुपारी चार

दादा,

ही चिठ्ठी तुला दरवानाने दिली असेल. त्याला रागावू नकोस, मीच सांगितलं की मी गेल्यावर दहा मिनिटांनी दे.

मी तीनला आले. तू शिडीवर चढून नऊ नंबरचा फोटो सरळ करत होतास. मी तुझ्या पाठीमागून चोवीस फोटो बघितले, सावकाश, एकेक. दोनदा खोकलेसुद्धा. वहिनी कोपऱ्यातून बघून तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. तुझं लक्ष नव्हतं. नवीन काय त्यात!

नऊ नंबर अजून वाकडा आहे. डावीकडून वर घे. चौदा नंबरमध्ये कोपर पडलंय, मी बाण केला होता, तू काणाडोळा केलास. बाकी बावीस, मास्तरांची बादली धरून, बरे आहेत. बऱ्यापेक्षा बरे आहेत. त्या मुलींनी काय केलंय ते तुला दिसलंय, आणि आता ते सगळ्यांना दिसेल.

तू एवढं खरं लिहिलंस, आता मीही लिहिते. घोटा तीन आठवडे दुखत होता. इथून गेल्यावर मी डॉक्टरला दाखवला. तो म्हणाला, आणखी आठ प्रयोग केले असते तर जन्मभर काठी लागली असती. म्हणजे तुझ्या त्या फोटोने माझा पाय वाचवला. आज मी पोरांना उड्या मारून दाखवते ती त्याच पायावर. हे मला तेव्हाच, पहिल्या महिन्यात कळलं होतं. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुझ्यावर रागवायला माझ्याकडे काही उरलं नसतं, आणि मला रागवायचं होतं. काम गेल्याचं नव्हे रे. मास्तरांना दिसलं आणि तुला दिसलं नाही, याचं. नऊ पत्रं परत पाठवली, ती आधी वाफेवर उघडून वाचून.

आता थिएटरसमोरच्या चहाच्या दुकानात बसलेय, खिडकीतलं टेबल; चिठ्ठी दरवानाकडे देऊन परत इथेच येऊन बसेन. हा तिसरा कप. उद्घाटनाला दोन तास आहेत.

मी आपणहून आत येणार नाही. अकरा वर्षं रुसलेली मी आहे, तेव्हा रीतसर न्यायला ये. आणि रस्ता ओलांडताना खाली बघत येऊ नकोस, माझ्या तोंडाकडे बघत ये.

भिंगरी